दोन बैलांच्या मोलाचा माणूस

१७९७ च्या जून महिन्यात फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात एक थट्टेची जाहिरात आली. व्हरमाँटचा सिंह शहरात आला आहे, ज्याला पाहायचा असेल त्याने येऊन पाहावा, असा तिचा मतलब. हे जनावर आयर्लंडच्या दलदलीत सापडलं, बछडा असतानाच जहाजातून अमेरिकेत आलं आणि पुढे गोऱ्ह्यांच्या एका जोडीच्या बदल्यात त्याचा मालक बदलला, असा इतिहासही सोबत दिला होता. पत्राचं नाव ‘पॉर्क्युपाइन्स गॅझेट’, म्हणजे साळिंदराचं पत्र. संपादक विल्यम कॉबेट हा इंग्रज गृहस्थ. दुसऱ्याला काटे टोचण्यात त्याचा हात धरणारा तेव्हा अमेरिकेत फारसा कोणी नव्हता.

सिंह म्हणजे मॅथ्यू लायन, व्हरमाँट राज्यातून काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात नुकताच निवडून आलेला सभासद. आडनावाची अक्षरं वेगळी, पण उच्चार सिंहाचाच. गंमत अशी, की कॉबेटच्या थट्टेतला मुख्य मुद्दा खरा होता. या माणसाची खरोखरच बैलांशी अदलाबदल झाली होती. आणि ती गोष्ट लपवायची सोडून तो स्वतःच ती चारचौघांत मिरवत असे. त्याची आवडती शपथ होती, ‘मला सोडवणाऱ्या बैलांची आण’ अशा अर्थाची.

लायनचा जन्म १४ जुलै १७४९ चा, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या विकलो परगण्यातला. डब्लिनच्या शाळेत थोडं शिक्षण झालं आणि १७६३ मध्ये तो छपाईचं काम शिकू लागला. खिळे जुळवण्याचं हे शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडलं आणि पंधराएक वर्षांचा असताना अमेरिकेचं जहाज पकडलं. भाड्याचे पैसे नव्हते. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे अशा उतारूची काही वर्षांची मेहनत कप्तान बंदरावर विकत असे आणि त्यातून भाडं वसूल करत असे. सालगड्यासारखंच हे, फक्त सालं अनेक, आणि मालक निवडण्याची मुभा नाही. लायनला कनेक्टिकटमधल्या वुडबरी गावच्या जेबेझ बेकन या व्यापाऱ्याने घेतलं. बेकनने पुढे त्याच्या कराराची उरलेली वर्षं दुसऱ्याला दिली आणि मोबदल्यात बैलांची जोडी घेतली. या व्यवहारात नेमकं कोण कोणाला सोडवत होतं हे बैलांनाच ठाऊक. पण लायनच्या लेखी बैल त्याचे तारणहार ठरले.

मुदत संपवून तो १७७४ मध्ये उत्तरेला गेला. आज ज्याला व्हरमाँट म्हणतात तो डोंगराळ मुलूख तेव्हा कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरने तिथल्या जमिनींच्या सनदा विकून टाकल्या होत्या. १७६४ मध्ये इंग्लंडच्या राजाने निवाडा दिला, की हा मुलूख न्यूयॉर्कचा. ज्यांनी पैसे मोजून, जंगल तोडून शेतं केली होती त्यांच्या हातातले कागद एका रात्रीत रद्दी झाले. मग न्यूयॉर्कचे मोजणीदार आणि शेरीफ आले की त्यांना चोपून परत पाठवणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. ‘ग्रीन माउंटन बॉइज’ या नावाने त्या प्रसिद्ध आहेत आणि इथन अ‍ॅलन हा त्यांचा म्होरक्या. लायन अशा लोकांत रमला नसता तरच नवल. जमिनीचा कागद कोणी लिहिला आणि कोणी फाडला, यावर माणसाचं नशीब ठरतं हे त्याला इथे पुरतं कळलं असावं.

स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा तो सैन्यात होता आणि तिथेच ती घटना घडली, जिने जन्मभर त्याचा पिच्छा पुरवला. १७७६ मध्ये लेफ्टनंट असताना त्याची तुकडी जेरिको इथे, पार सरहद्दीवर ठेवली होती. पुढे इंग्रज, मागे कोणी नाही, आणि ज्यांची राखण करायची ती वस्ती जवळजवळ ओसाड पडलेली. शिपायांनी ठाणं सोडलं. लायनचं म्हणणं असं, की आपण त्यांना अडवत होतो. लष्करी न्यायालयाने ते ऐकलं नाही आणि अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. पुढे जनरल सेंट क्लेअरने त्याला पुन्हा कामाला लावलं आणि सेथ वॉर्नरच्या पलटणीत पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला, म्हणजे सरकारदरबारी कलंक पुसला गेला. पण लोकांच्या तोंडी एक जास्तीचा तपशील राहून गेला: जनरल गेट्सने म्हणे त्याच्या कमरेला लाकडी तलवार लटकावून त्याची धिंड काढली होती. लायनने हे कायम नाकारलं. नाकारल्याने अशा गोष्टी मरत नाहीत.

१७८३ मध्ये त्याने फेअर हेवन नावाचं गाव वसवलं. गाव वसवलं म्हणजे नुसती पाटी लावली नाही. नदीच्या धबधब्यावर लाकूड कापायची गिरणी घातली, दळणाची घातली, लोखंडाची भट्टी आणि घणांचा कारखाना काढला. तिथे शेतीची अवजारं आणि खिळे तयार होऊ लागले. मग कागदाचा कारखाना. तेव्हा कागद चिंध्यांपासून बनायचा आणि डोंगरातल्या त्या वस्तीत चिंध्यांचाही तुटवडा. लायनने बासवूड नावाच्या झाडाच्या सालीपासून कागद करून पाहिला. १७९३ मध्ये त्याने छापखाना उभारला आणि ‘फार्मर्स लायब्ररी’ नावाचं पत्र काढलं. पुढे त्याचं ‘फेअर हेवन गॅझेट’ झालं. डब्लिनमध्ये अर्धवट सुटलेलं शिक्षण तीस वर्षांनी असं कामी आलं. कारभाराला थोरला मुलगा जेम्स होता.

याच काळात, १७७९ पासून १७९६ पर्यंत, तो व्हरमाँटच्या विधिमंडळातही होता. व्हरमाँट त्यातली बरीच वर्षं कोणाचंच नव्हतं. १७७७ पासून ते स्वतंत्र राज्य म्हणून नांदलं आणि १७९१ मध्ये संघराज्यातलं चौदावं राज्य झालं. पहिली बायको वारल्यावर लायनने ब्यूला चिटेंडनशी लग्न केलं. ती गव्हर्नर टॉमस चिटेंडन यांची मुलगी. गिरणी आपली, भट्टी आपली, कागद आपला, छापखाना आपला, विधिमंडळातली खुर्ची आपली आणि सासरे गव्हर्नर. आज असा उमेदवार उभा राहिला तर आपण भुवया उंचावू, आणि उंचावाव्यातच. लायनला गरिबांचा कैवारी म्हणताना हे विसरू नये, की १७९६ चा लायन गरीब नव्हता. तो गरिबीतून आलेला होता, आणि दिवाणखान्यात वाढलेल्यांना ही जात अधिक झोंबते.

काँग्रेसच्या जागेसाठी तो अनेकदा उभा राहून पडला आणि अखेर १७९६ च्या निवडणुकीत आला. राजधानी तेव्हा फिलाडेल्फियात होती. वॉशिंग्टन नुकतेच पायउतार झाले होते आणि जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष होते. फेडरलिस्ट पक्ष अ‍ॅडम्सच्या बाजूचा. जेफरसनच्या मागचे लोक स्वतःला रिपब्लिकन म्हणवत. लायन दुसऱ्या गटाचा आणि त्यातही तिखट टोकाचा. अध्यक्षांच्या भाषणाला प्रतिनिधिगृहाने लेखी उत्तर द्यायचं आणि सगळ्या सभासदांनी वाजतगाजत अध्यक्षांच्या घरी जाऊन ते सादर करायचं, असा तेव्हा प्रघात होता. लायनने ठराव मांडला, की या मिरवणुकीतून मला वगळा. राजाला पायघड्या घालण्याचा हा इंग्लंडचा रिवाज; तो आपल्याला कशाला? विरोधकांनी त्याच्या कुळाकडे बोट दाखवलं. अखेर सभागृहाने त्याला मोकळीक दिली. असा माणूस मिरवणुकीत नसलेलाच बरा, असा त्यातला सूर. कॉबेटची सिंहाची जाहिरात याच दिवसांतली.

आता ३० जानेवारी १७९८. सभागृहात सिनेटर विल्यम ब्लाउंटवरच्या महाभियोगाच्या कामासाठी मतदान चालू होतं. मतं मोजली जाईपर्यंत सभासद इकडे तिकडे घोळक्याने उभे होते. लायन सभापती जोनाथन डेटनजवळ उभा राहून बोलत होता, कोणालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कनेक्टिकटचे प्रतिनिधी आपल्या मतदारांच्या दहातल्या नऊ जणांच्या मताविरुद्ध वागतात, असं तो म्हणाला. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. मी तिकडे जाऊन सहा महिने छापखाना चालवला, तर लोक या मंडळींना घरी पाठवतील.

कनेक्टिकटचा रॉजर ग्रिसवोल्ड जवळच होता. त्याने विचारलं, आमच्याशी लढायला येताना तुमची लाकडी तलवार आणणार का? लायनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ग्रिसवोल्ड जवळ आला, दंडाला धरून त्याने तोच टोमणा पुन्हा मारला. लायन वळला आणि त्याच्या तोंडावर थुंकला.

पुढचे दोन आठवडे नव्या प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधिगृहाने या थुंकीचा अभ्यास केला. साक्षी झाल्या, समिती बसली, लायनने सभागृहाची माफी मागितली. त्याला काढून टाकण्याच्या ठरावाला ५२ मतं पडली, विरोधात ४४. बहुमत होतं, पण हकालपट्टीला दोन तृतीयांश लागतात. लायन राहिला. १५ फेब्रुवारीला सकाळी तो आपल्या जागेवर बसलेला असताना ग्रिसवोल्ड जाड काठी घेऊन आला आणि त्याच्या डोक्या-खांद्यांवर सपासप मारू लागला. लायन मेजाच्या कचाट्यातून कसाबसा सुटला, शेकोटीपाशी धावला आणि तिथला लोखंडी चिमटा उचलला. दोघे लोळले, बाकीच्यांनी पाय धरून ओढले. सभापती शांत बसून होते. या प्रसंगाचं व्यंगचित्र त्याच वर्षी निघालं आणि आजही अमेरिकन शाळांतल्या पुस्तकांत सापडतं: एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात चिमटा, भोवती दात काढणारे लोकप्रतिनिधी. दोघांनाही काढण्याचा ठराव आला आणि पडला. तेव्हापासून लायनच्या नावामागे ‘थुंकणारा’ हे विशेषण कायमचं चिकटलं.

मला वाटतं, थुंकी आणि चिमटा यांत सगळ्यांचं इतकं मन रमलं, की लायन आधी काय बोलला ते निसटलं. त्याने ग्रिसवोल्डच्या मंडळींना तलवारीची धमकी दिलीच नव्हती; छापखान्याची दिली होती. ती त्यांनी ऐकली होती, हे त्याच वर्षी जुलैमध्ये दिसलं.

फ्रान्सशी संबंध विकोपाला गेले होते. फ्रेंच मंत्र्यांच्या दलालांनी अमेरिकन राजदूतांकडे लाच मागितल्याचं उघड झालं, देश खवळला, समुद्रावर न पुकारलेलं युद्ध सुरू झालं. अ‍ॅडम्स यांची लोकप्रियता कधी नव्हे इतकी वाढली. या हवेत फेडरलिस्टांनी चार कायदे केले. एकाने नागरिकत्वासाठीचा वास्तव्याचा काळ पाच वर्षांवरून चौदा वर्षांवर नेला. आयर्लंडहून येणारे लोक जेफरसनला मतं देतात, हे त्यामागचं गणित. चौथा कायदा राजद्रोहाचा. सरकार, काँग्रेसचं कोणतंही सभागृह किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक, द्वेषमूलक लिहिलं किंवा छापलं, तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. या यादीत उपाध्यक्षांचं नाव नव्हतं. उपाध्यक्ष जेफरसन होते. त्यांना हव्या तेवढ्या शिव्या द्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. आणि कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्स यांची कारकीर्द संपण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. कायदा करणाऱ्यांनी निदान लपवाछपवी केली नाही.

न्यायाने सांगायचं, तर कागदावर हा कायदा इंग्लंडच्या जुन्या कायद्यापेक्षा सौम्य होता. तिकडे राजद्रोही मजकूर खरा असला तरी सुटका नव्हती. इथे आपण लिहिलं ते खरं आहे, हे सिद्ध करायची सोय होती. पण अध्यक्षांना डामडौलाची हाव आहे, हे मत. ते कोर्टात खरं-खोटं कसं करणार? लायनच्या खटल्यात नेमका हाच पेच आला.

१४ जुलै १७९८ ला अ‍ॅडम्स यांनी कायद्यावर सही केली. लायनचा त्या दिवशी एकोणपन्नासावा वाढदिवस होता.

२० जूनला, म्हणजे कायद्याच्या आधी, लायनने एका पत्राला उत्तर लिहून ते व्हरमाँटच्या एका वृत्तपत्राकडे पाठवलं होतं. अध्यक्ष लोकहित बाजूला सारतात, डौल, खुशामत आणि स्वार्थ यांच्या मागे लागले आहेत, असा त्यातला आरोप. ते छापून आलं ३१ जुलैला, कायद्यानंतर. दुसरा आरोप कवी जोएल बार्लो यांच्या फ्रान्सहून आलेल्या एका खासगी पत्राचा. अध्यक्षांच्या एका भाषणाला काँग्रेसने खरं तर त्यांना वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याचं उत्तर द्यायला हवं होतं, अशी मल्लिनाथी त्यात होती. लायन प्रचारसभांत ते वाचून दाखवी आणि ते छापूनही आलं. यातच १ ऑक्टोबरला लायन बापलेकांनी नवं नियतकालिक काढलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘सरदारशाहीवरचा आसूड’. चार दिवसांनी आरोपपत्र दाखल झालं. राजद्रोहाच्या नव्या कायद्याखाली खटला चालून शिक्षा झालेला हा पहिला माणूस, आणि तो प्रतिनिधिगृहाचा विद्यमान सभासद होता.

खटला रटलंडला चालला. न्यायाधीश होते सर्वोच्च न्यायालयाचे विल्यम पॅटरसन, संविधानावर सही करणाऱ्यांपैकी एक. तेही जन्माने आयर्लंडचेच, लहानपणी आईबापांबरोबर आलेले. वकील मिळायला वेळ नव्हता म्हणून लायन स्वतःच उभा राहिला. त्याचा बचाव तीन पायांवर होता: कायदा संविधानाविरुद्ध आहे, पत्र मी कायद्याआधी लिहिलं, आणि लिहिलं ते खरं आहे. शेवटच्या मुद्द्यासाठी त्याने साक्षीदार म्हणून चक्क न्यायाधीशांनाच धरलं. आपण अध्यक्षांकडे जेवायला जाता ना? तिथे डामडौल दिसला नाही का? पॅटरसन म्हणाले, मला तर तिथे साधेपणाच दिसला. लायनने पुढे विचारलं, इथल्या रटलंडच्या खानावळीत दिसतो त्याहून जास्त थाट आणि जास्त नोकर तिथे नव्हते? याला न्यायाधीशांनी उत्तर दिलं नाही. कायदा संविधानाला धरून आहे की नाही हे तुम्ही पाहायचं नाही, अशी ताकीद ज्यूरीला मिळाली. तासाभरात ज्यूरी परतली. दोषी. चार महिने कैद, एक हजार डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च ६० डॉलर ९६ सेंट. दंड भरेपर्यंत सुटका नाही.

रटलंडमध्ये तुरुंग होता. पण मार्शल जेबेझ फिच याने त्याला तिथे न ठेवता चाळीसएक मैलांवरच्या व्हर्जेन्सला नेलं, तेही दोन्ही बाजूंना हत्यारबंद घोडेस्वार लावून. खोली सोळा फूट बाय बारा, चोरदरोडेखोरांसाठीची. कोपऱ्यात शौचाची जागा. तिच्या दुर्गंधीची तुलना लायनने फिलाडेल्फियाच्या ऑगस्टमधल्या गोदीशी केली आहे. खिडकीला लोखंडी गज, पण काच नाही आणि शेकोटीही नाही. व्हरमाँटचा ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडची ऑक्टोबर हीट नव्हे. पानं झडून थंडी सुरू झालेली असते. पुढे मित्रांच्या खटपटीने शेगडी आणि काच आली. ग्रीन माउंटनच्या जुन्या गड्यांनी तुरुंगच पाडायची तयारी केली होती. लायनने त्यांना थोपवलं. हातातली काठी नव्हे, मतपेटी वापरा, असा त्याचा सांगावा. फेब्रुवारीत चिमटा उचलणारा माणूस डिसेंबरात हे म्हणत होता.

ते त्याला परवडतही होतं. निवडणूक चालूच होती. सप्टेंबरच्या फेरीत कोणालाच निर्विवाद बहुमत मिळालं नव्हतं, म्हणून डिसेंबरात दुसरी फेरी झाली. उमेदवार कोठडीत. तिथून तो पत्रं लिहीत होता, आणि ती छापली जात होती. निकाल लागला: लायन ४,५७६, प्रतिस्पर्धी विल्यम्स २,४४४. ज्या मताबद्दल तो आत होता तेच मत घेऊन मतदारांनी त्याला पुन्हा पाठवलं. दरम्यान जॉन ऑगडेन नावाचे पाद्री हजारो सह्यांचा माफीअर्ज घेऊन अ‍ॅडम्स यांच्याकडे गेले. अध्यक्षांनी विचारलं, खुद्द लायनची सही आहे का? नव्हती. मग आधी पश्चात्ताप, मग माफी, असं सांगून त्यांनी अर्ज परत केला.

दंडाचे पैसे उभे करायला लायनने आपल्या मालमत्तेची सोडत जाहीर केली. ती जाहिरात बेनिंग्टनच्या अँथनी हॅसवेल या मुद्रकाने आपल्या ‘व्हरमाँट गॅझेट’मध्ये छापली. जाहिरातीत मार्शलला क्रूर म्हटलं होतं. बस्स, हॅसवेलवर राजद्रोहाचा खटला, दोन महिने कैद, दोनशे डॉलर दंड. त्याची सुटका १८०० च्या ९ जुलैला होती. बेनिंग्टनकरांनी त्या वर्षी ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन पुढे ढकलला आणि हॅसवेल बाहेर आल्यावर साजरा केला. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग हा आहे.

लायनसाठी वर्गणी व्हर्जिनियातही जमली होती. जेफरसन, मॅडिसन, मन्रो यांनी पैसे घातले. लायनच्या शिक्षेची बातमी ऐकून जेफरसन यांनी एका मित्राला लिहिलं होतं, की मनातलं लिहायची मला भीती वाटावी याची लाज अधिक, की देश हे सहन करतो याची, ते कळत नाही. देशाचा उपाध्यक्ष टपालाने पत्र पाठवताना कचरत होता. ९ फेब्रुवारी १७९९ ला सिनेटर स्टीव्हन्स टॉमसन मेसन घोड्याच्या खोगिरातल्या थैल्यांत सोन्याची नाणी भरून व्हर्जेन्सला हजर झाले. ऑरवेल गावचा अपोलोस ऑस्टिन चांदीची नाणी घेऊन आला होता. दंड भरला गेला. दारात दुसरं वॉरंट घेऊन कोणी उभं असेल या शंकेने लायनने बाहेर पाऊल टाकताच मोठ्याने जाहीर केलं, मी फिलाडेल्फियाला निघालो आहे. अधिवेशनाला निघालेल्या सभासदाला वाटेत अटक करता येत नाही, हे कलम त्याला पाठ होतं. मग बर्फातून घसरगाड्यांची लांबच लांब रांग, गावोगाव झेंडे आणि शाळकरी मुलं. सभागृहात पोचल्यावर त्याला काढायचा पुन्हा ठराव: बाजूने ४९, विरुद्ध ४५. पुन्हा दोन तृतीयांश नाहीत.

१८०० च्या निवडणुकीत अ‍ॅडम्स हरले. पण तेव्हाच्या पद्धतीतल्या घोळामुळे जेफरसन आणि त्यांचाच जोडीदार एरन बर या दोघांना सारखी, ७३-७३ मतं पडली. निवाडा प्रतिनिधिगृहाकडे गेला, दर राज्याला एक मत या हिशेबाने. व्हरमाँटचे प्रतिनिधी दोनच: लायन जेफरसनकडे, फेडरलिस्ट लुईस मॉरिस बरकडे. म्हणजे व्हरमाँटचं मत शून्य. फेब्रुवारी १८०१ मध्ये एकामागून एक पस्तीस फेऱ्या झाल्या, निकाल नाही. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत फेडरलिस्टांनी माघार घ्यायचं ठरवलं. मॉरिस बाहेर राहिला आणि लायनने व्हरमाँटचं मत जेफरसनच्या पारड्यात टाकलं. त्याचे चाहते पुढे सांगत राहिले, की लायननेच जेफरसनना अध्यक्ष केलं. तसं नाही. त्याच फेरीत मेरीलँडचंही मत वळलं, आणि खरी गाठ डेलावेअरच्या जेम्स बेअर्डने सोडवली होती. पण लायन मुळात तिथे होता, तो कोठडीतून निवडून आला म्हणून. व्हरमाँटचं मत अडवून धरता आलं ते त्याच्यामुळे. त्याचं श्रेय एवढंच, आणि ते थोडं नाही.

४ मार्च १८०१ ला, अ‍ॅडम्स यांची सत्ता संपली त्याच दिवशी, लायनने त्यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं आणि चार वर्षांची उणीदुणी एकेक करून मोजली. पडलेल्यावर वार करू नये, असा संकेत आहे. लायनने तो मानला नाही.

पुढचं आयुष्य मोठं आहे, पण आधीइतकी धग त्यात नाही. तो कुटुंबकबिल्यासह केंटकीला, कंबरलंड नदीवरच्या एडीव्हिलला गेला. १८०२ मध्ये तिथल्या विधिमंडळात, मग १८०३ ते १८११ पुन्हा काँग्रेसमध्ये, आता केंटकीतर्फे. १८१० ची निवडणूक हरला. १८१२ च्या युद्धासाठी बोटी बांधण्याच्या धंद्यात तो बुडाला आणि कर्जबाजारी झाला. १८२० मध्ये अध्यक्ष मन्रो यांनी, एकेकाळी त्याच्या दंडासाठी वर्गणी देणाऱ्यांनी, त्याला आर्कान्सा प्रांतात चेरोकी लोकांशी व्यापार करणाऱ्या सरकारी कोठीचा प्रमुख नेमलं. सत्तरीचा म्हातारा स्पॅड्रा ब्लफ नावाच्या आडरानात जाऊन बसला आणि लगेच तिथून काँग्रेसची निवडणूकही लढला. जेम्स बेट्सने त्याला थोडक्यात हरवलं. लायनने निकालाला आव्हान दिलं. सवय जात नाही.

१ ऑगस्ट १८२२ रोजी तो स्पॅड्रा ब्लफला वारला. १८३३ मध्ये त्याचे अवशेष एडीव्हिलला नेऊन पुन्हा पुरले. तोवर मुलगा चिटेंडन लायन केंटकीतून काँग्रेसमध्ये बसला होता.

दंड परत मिळावा म्हणून लायनने हयातीत काँग्रेसकडे अर्ज केला होता. कायदा मुळातच संविधानाविरुद्ध होता, मग त्याखाली घेतलेला पैसा सरकारने ठेवायचा कसा, हा त्याचा सवाल. समित्यांनी अहवाल दिले, वर्षं गेली. ४ जुलै १८४० रोजी कायदा संमत झाला: मॅथ्यू लायनच्या वारसांना १,०६० डॉलर ९६ सेंट द्यावेत, फेब्रुवारी १७९९ पासूनच्या व्याजासह.